हिरव्या शालीखालचे साप

माझे वडील तहसिलीत पेशकार होते. म्हणजे तहसीलदारसाहेबांपुढे कागद ठेवायचे आणि हुकूम झाला की उचलायचे. या कामाने माणूस संशयी होतो की संशयी माणसालाच हे काम देतात, ते मला अजून उमगलेलं नाही. घरी आलेलं पत्र ते आधी उन्हात धरून बघत, पाकीट कुणी उघडून पुन्हा चिकटवलंय का ते नखाने तपासत आणि मगच फोडत. शेजारी कुणी खोकलं तरी बोलता बोलता थांबत. निजामी राजवटीची शेवटची काही वर्षं होती ती. महायुद्ध चालू होतं, लेव्हीसाठी, म्हणजे सक्तीच्या सरकारी धान्यवसुलीसाठी, गावोगावची पेवं उघडून ज्वारी नेत होते आणि कोण कुठलं बोलणं कुठे पोचवील याचा नेम नव्हता. त्यामुळे वडिलांना कुणी वेडं म्हणत नसे. सगळे त्यांना सावध म्हणत.

आम्ही कंधारला राहायचो, किल्ल्याच्या खंदकापासून हाकेच्या अंतरावर. मी नऊ वर्षांची होते आणि मुलींच्या मदरशात जायचे. आमच्या राज्यात शाळेलाच मदरसा म्हणत; हा मदरसा म्हणजे दोन खोल्या, एक पडदा आणि शिकवणारी एक उस्तानी. तिला आम्ही उस्तानीबी म्हणायचो. ती हैदराबादेहून आली होती आणि मदरशामागच्या खोलीत एकटीच राहायची. वडिलांना तिचं हे एकटेपणच खुपायचं.

"शहर सोडून एकटी बाई इथं येते कशाला?" ते आईला विचारत, आणि मग माझ्याकडे वळत. "आज काय विचारून राहिली होती ती? घरातलं काही विचारलं?"

हा प्रश्न रोजचा होता, जेवायच्या आधीचा. काही नाही म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नसे, आणि काही विचारलं म्हटलं की त्यांना घास उतरत नसे. त्यामुळे मीही उस्तानीबीवर पाळत ठेवायला लागले. ती आमच्यावर नजर ठेवते असं वडिलांना वाटायचं, आणि मी तिच्यावर ठेवायचे. मला त्या कामाची गोडी लागली, हे कबूल करते.

आषाढात एक दिवस मदरशाच्या आढ्यावरून सापाची कात खाली लोंबली. आम्ही सगळ्या किंचाळत अंगणात पळालो. उस्तानीबीने मात्र लाकडी पट्टीने ती अलगद उतरवली, बोटांनी सरळ केली आणि एका जाड पुस्तकात पानांमध्ये ठेवून दिली. घरी सांगितलं तर वडिलांचा हात ताटातच थांबला.

"ठेवून घेतली? कशासाठी?"

मलाही तेच जाणून घ्यायचं होतं, पण विचारायची हिंमत कुणाची? त्या दिवसापासून मदरशात सापांच्या गोष्टी सुरू झाल्या. एकीने खंदकाच्या बुरुजातला नाग सांगितला, पुरलेल्या धनावर बसलेला, एवढा म्हातारा की त्याला मिश्या फुटलेल्या. दुसरीने पंचमीची कहाणी सांगितली, शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्लं मेली आणि ती घरादाराला डसत सुटली, ती. मी पुराणातल्या त्या राजाची सांगितली, ज्याला सातव्या दिवशी साप चावून मरण्याचा शाप होता. त्याने एका खांबावर महाल बांधला, चहूकडे पहारे बसवले, मुंगीला आत येऊ दिलं नाही. आणि साप अळी होऊन फळात बसून आला. ही गोष्ट वडिलांची आवडती होती. शेवट सांगताना ते नेहमी माझ्याकडे रोखून बघत.

उस्तानीबी खूप हसली. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. ती म्हणाली, "तो अब से जाम देख के खाना, बेटी."

मग तिने तिची सांगितली. इराणात एक बादशहा होता. सैतान त्याचा चाकर होऊन राहिला आणि बक्षीस म्हणून त्याने एवढंच मागितलं की हुजूर, तुमच्या खांद्यांचा मुका घेऊ द्या. मुका घेतला आणि सैतान नाहीसा झाला. बादशहाच्या दोन्ही खांद्यांतून एकेक काळा साप उगवला. कापला की पुन्हा उगवे. त्यांना रोज दोन तरण्या पोरांचा मेंदू खायला घालावा लागे, नाहीतर ते बादशहालाच खायला उठत. शेवटी एका लोहाराची पाळी आली. त्याची सगळी पोरं गेली होती, एक उरला होता. त्याने कामाच्या वेळी कमरेला बांधायचं चामडं काठीला निशाणासारखं बांधलं आणि तो रस्त्यावर आला, आणि सगळं गाव त्याच्यामागे निघालं.

गोष्ट एवढीच होती. पण मला एक अडचण आली. तो बादशहा दरबारात बसायचा तेव्हा साप लोकांना दिसत कसे नव्हते? काहीतरी पांघरत असणार.

आणि आमचे तहसीलदारसाहेब बारा महिने दोन्ही खांद्यांवरून हिरवी शाल पांघरत. वैशाखात, मातीची भांडी तडकतील अशा उन्हात, ते शाल पांघरून कचेरीत बसत. एकदा ते आमच्या घरी आले होते. आई आत सरबत करत होती, वडील हात जोडून उभे होते आणि मी दाराआडून शालीकडे टक लावून बघत होते. डाव्या खांद्यावर ती हलली. आज माझे केस पिकले आहेत, तरी शपथेवर सांगेन की ती हलली.

नागपंचमी आली. त्या दिवशी आमच्याकडे काही चिरत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत, विळी पालथी घालतात. बायका वारुळाला जातात, लाह्या वाहतात, आणि परत आल्यावर एकीच्या अंगणात बसून कहाण्या होतात. ऐकणाऱ्यांनी हातात अक्षता धरून बसायचं, मधून उठायचं नाही. त्या वर्षी अंगण आमचं होतं. आणि आमच्या बायकांची एक रीत होती: कहाणी कुठलीही असो, ती आपल्या गावाची करून सांगायची. राणी नदीवर गेली तर ती आमच्या मन्याड नदीवर जाई, राजाचा महाल आमच्या किल्ल्यात असे. तसं केलं नाही तर कहाणी उसनी वाटते, म्हणत.

कुणीतरी म्हणालं, "पेशकाराची पोरगी मदरशात शिकते. तिला सांगू द्या की एखादी."

मी सांगितली. रीतीप्रमाणे सांगितली. कंधारासारखं एक गाव होतं, तिथला राजा लोकांच्या पेवातली ज्वारी नेई, आणि दोन्ही खांद्यांवरून हिरवी शाल पांघरी.

"उन्हाळ्यात बी?" एक म्हातारी म्हणाली.

"उन्हाळ्यातही."

एकीने पदर तोंडाला लावला. मग कुणाला तरी हसू फुटलं आणि ते आवरेना. अक्षता सांडल्या. आईने मला दंडाला धरून आत नेलं आणि तोंडावर हात ठेवला, पण माझी कहाणी संपलेली होती. लोहारसुद्धा निघाला होता.

आठ दिवसांत ती वेशीबाहेर गेली. तहसीलदारसाहेब बाजारातून निघाले की कुठल्यातरी दुकानामागून हळूच "फुस्स" असा आवाज येई. तोंड कुणाचंच दिसत नसे. नवव्या दिवशी साहेबांनी वडिलांना पुढ्यात उभं केलं. ही गोष्ट तुमच्या अंगणातून निघाली म्हणतात, खरं काय ते सांगा. नोकरी तर जाईलच, पण बंडखोर म्हणून नाव लागलं तर तुरुंगही दूर नाही, एवढं वडिलांना न सांगता कळत होतं.

घरी येऊन त्यांनी मला समोर बसवलं. ओरडले नाहीत.

"कुणी सांगितली ही गोष्ट?"

"उस्तानीबीने."

"सगळी?"

"शाल माझी हाय, अण्णा."

त्यांनी उठून दाराची कडी लावली. मग म्हणाले, "शालसुद्धा तिनंच सांगितली. कळलं? सगळी तिनंच. तू फक्त ऐकलेलं सांगितलंस." आणि जरा थांबून, "तशीही ती बाई साधी न्हाई. कात ठेवते, घरातलं विचारते. तिनंच हे घडवून आणलं नसेल कशावरून?"

मला हे पटलं. अगदी मनापासून पटलं, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते.

वडिलांनी कचेरीत तसंच सांगितलं, आणि चौकशीला नांदेडहून शाळा तपासणारे मोहतमीमसाहेब आले. मदरशाच्या पुढच्या खोलीत ते, तहसीलदारसाहेब आणि एका कोपऱ्यात वडील. उस्तानीबी पडद्याआड. पडद्याच्या कडेला तिची दोन बोटं तेवढी मला दिसत होती, शाईने निळी झालेली. मोहतमीमसाहेबांनी गोडीत विचारलं, की बेटी, ही गोष्ट तुला कुणी सांगितली?

"उस्तानीबीने."

"हिरव्या शालीचंही?"

मी वडिलांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मग मी शालीकडे बघितलं. ती अजिबात हलत नव्हती. एका दमलेल्या, घामाघूम माणसाने ती गळ्याशी घट्ट आवळून धरली होती आणि उकाड्यातही त्याचे दात वाजत होते. त्यांना हिवतापाने धरलं होतं, वर्षानुवर्षं. कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांनाही.

"होय. शालसुद्धा," मी म्हणाले.

ती बोटं पडद्यावरून निघाली. मला वाटलं, आता ती म्हणेल, पोरगी खोटं बोलते. म्हणायला काय हरकत होती? वर्गातल्या अकरा मुलींनी तिची गोष्ट ऐकली होती, त्यात शाल नव्हती. एकीला बोलावून विचारलं असतं तरी पुरे होतं. मग वडिलांची नोकरी गेली असती.

"जी," पडद्याआडून आवाज आला. "शाल भी मैंइच बोली थी. बच्ची की क्या गलती?"

तिला कामावरून काढलं. चार दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलं. त्या रात्री वडील पोटभर जेवले. हात धुताना आईला म्हणाले, "इतक्या सहज कबूल केलं? काहीतरी दुसरं झाकून राहिली होती ती. सांगून ठेवतो."

ती गेली त्या सकाळी पडदा लावलेला टांगा आमच्या दारावरून निघाला आणि थांबला. वडिलांनी दाराची फट तेवढी ठेवली आणि तिथून बघत राहिले. टांगेवाला उतरला, फटीतून एक जाम त्याने आत दिला आणि म्हणाला, "उस्तानीबीनं पोरीसाठी दिलाय. देख के खाना, म्हणून सांगितलंय." टांगा गेला.

वडिलांनी जाम हुंगला. देठ नखाने उचकटून पाहिला. मग विळी घेऊन त्याच्या चार फोडी केल्या, चाराच्या आठ, आठाच्या सोळा. प्रत्येक फोड दारातल्या उजेडात धरून पाहिली. चिठ्ठी नव्हती, अळी नव्हती, एखादा डागसुद्धा नव्हता. पांढराशुभ्र गर होता आणि घरभर वास सुटला होता.

तरी त्यांनी त्या गोळा केल्या आणि म्हशीपुढे टाकल्या. आई म्हणाली, एक तरी पोरीला द्यायची. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं.