सहावी काच

गिरमिट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लाकडाला भोक पाडायचं ते जुनं हत्यार असतं ना, एकदा टोक रुतलं की आरपार गेल्याशिवाय थांबत नाही, तसा हा. एखादा विषय डोक्यात शिरला की समोरच्याचं डोकं पोखरूनच बाहेर यायचा. फर्निचरच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली, तिथल्या मुकादमाने हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की बायकोसुद्धा बहिणीशी फोनवर बोलताना "आमचे गिरमिट" म्हणायची. कारखाना सुटल्यावर त्याने स्वयंपाकघराला लागून असलेल्या मागच्या खोलीत आपलं काम मांडलं. गोल करवत, रंध्याचं मशीन, घासायचं मशीन. मोडक्या खुर्च्या यायच्या आणि धडधाकट होऊन जायच्या. अकरा वर्षं सुखात गेली आणि मग बायकोला खोकला लागला.

साधा खोकला असता तर काढा पिऊन गेला असता. हा जाईना. रात्री उशा रचून बसून झोपायची वेळ आली. कपडे वाळत घालताना चौथ्या कपड्याला दम लागून ती कट्ट्यावर टेकायची आणि वर म्हणायची, "काही नाही हो, वय झालं."

डॉक्टरबाईंनी तिला एक नळी फुंकायला दिली. प्लास्टिकची, अंगावर आकडे आणि एक लाल काटा. छाती भरून श्वास घ्यायचा, जोरात फुंकायचं आणि काटा थांबेल तो आकडा वाचायचा. काटा एकशे ऐंशीवर थांबला. डॉक्टरबाईंनी गिरमिटच्या हाताकडे पाहिलं. अंघोळ करून आला होता, तरी कोपराजवळच्या केसांत भुसा होता.

"घरातच लाकूडकाम करता?"

"हो. पण धूळ ओढायचं मशीन आहे आपल्याकडे. जमिनीवर कण दिसायचा नाही."

"दिसते ती धूळ नाकातच अडकते. न दिसणारी आत जाते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषधं देते. सहा आठवड्यांनी आकडा अडीचशे झाला पाहिजे. नाही झाला, तर एक तर लाकूड घराबाहेर जाईल, नाहीतर या जातील. तुम्हीच ठरवा."

 घराच्या फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, "तू बहिणीकडे बिहिणीकडे कुठे जायचं नाहीस. आकडा आला नाही तर मशिनं जातील. शब्द देतो."

"आणि मग दिवसभर माझ्याच डोक्याला भोकं पाडाल," ती म्हणाली आणि हसली. हसण्याचा खोकला झाला, आणि फाटकाचा गज धरून ती कितीतरी वेळ वाकून उभी राहिली.

खरं सांगायचं तर मशिनं विकण्याचा विचार त्याला सोसत नव्हता. खुर्च्या सोडून त्याला दुसरं येत काय होतं? पण त्याहून जास्त त्याला डॉक्टरबाईंचं बोलणं झोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने खोलीच्या खिडकीला जाड चादर लावली, दिवा बंद केला, धूळ ओढायचं मशीन सुरू केलं आणि त्याच्या कापडी पिशवीवर बॅटरीचा झोत तिरपा धरला. बघतो तर काय, पिशवी श्वास सोडत होती. जाड भुसा पोटात ठेवून घेत होती आणि पिठासारखी धूळ अंगातून बाहेर टाकत होती. झोतात ती धूळ सावकाश वर चढली, छताला लागली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली. म्हणजे मशीन धूळ गोळा करत नव्हतं, चाळत होतं. अकरा वर्षं! गिरमिट मटकन खाली बसला.

मग तो हात धुऊन मागे लागला. वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप काढून सरळ, गुळगुळीत आणि दुप्पट रुंद पाइप टाकला, कारण वळ्यांत हवा अडखळते आणि ओढ कमी होते. प्रत्येक मशीनच्या पाइपाला सरकती झडप बसवली, म्हणजे चालू असेल त्याचीच उघडी आणि बाकीच्या बंद. मध्ये पत्र्याचं पिंप ठेवून त्यावर उलटा शंकू बसवला. त्यात हवा गरगर फिरते, भुसा पिंपात पडतो आणि बारीक तेवढं पुढे जातं. धूळ ओढायचं मशीन उचलून मागच्या भिंतीबाहेर पेटीत ठेवलं. दाराच्या फटींना रबर लावलं. हे सगळं नऊ दिवसांत. जेवायला हाक मारली तर तोंडात खिळे धरून हुं म्हणायचा.

रोज सकाळी चहाआधी नळी. ती खाटेवर ताठ बसायची, तो समोर स्टुलावर. तिला चष्म्याशिवाय आकडे दिसत नसत आणि फुंकताना चष्मा नको वाटे, म्हणून वाचायचं काम त्याचं. दुसरा आठवडा संपला तेव्हा आकडा होता एकशे नव्वद.

"चढला की," ती म्हणाली.

"असा चढला तर अडीचशेला पुढचं वर्ष उजाडेल."

मग त्याने काचा काढल्या. फोटोच्या जुन्या चौकटींतल्या पाच काचा, त्यांना तेलाचं बोट फिरवलं आणि घरात ठिकठिकाणी ठेवल्या. दोन दिवसांनी बॅटरीच्या तिरप्या झोतात बघायचं, कुठल्या काचेवर किती धूळ बसली ते. स्वयंपाकघरातली काच पांढरी झाली होती. त्याने कपाळावर हात मारला. ओढायचं मशीन भिंतीबाहेर ठेवलं खरं, पण त्याचं तोंड नेमकं स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. दारातून हाकललेली धूळ खिडकीतून पाहुणीसारखी परत येत होती. त्याने शिडी लावली आणि पाइप छपराच्या वर नेला. पुढच्या वेळी पाचही काचा जवळजवळ स्वच्छ निघाल्या. एवढी स्वच्छ हवा त्या घराने कधी पाहिली नसेल.

आणि आकडा? चौथा आठवडा, दोनशे. दुसऱ्या दिवशी एकशे पंच्याण्णव. मग पुन्हा दोनशे. काटा तिथे जणू खिळा मारून बसवला होता. औषध वेळेवर, धूळ नाही, तरी तिच्या छातीतली ती बारीक शिट्टी जाईना. गिरमिटच्या जिवाला घोर लागला. मशीन सुरू करायला हात धजावेना आणि बंद ठेवावं तर दारात आलेल्या खुर्च्या तोंडाकडे बघत बसायच्या. पाचव्या आठवड्यात तो एकदा तिच्यावरच खेकसला.

"नीट फुंकत तरी जा! जीव लावून फुंकलं तर येईल ना आकडा."

 पुन्हा नळी तोंडाला लावून तिने इतकं जोरात फुंकलं की डोळ्यांत पाणी आलं. दोनशेच. त्याला स्वतःची लाज वाटली, पण तोंडातून "चुकलो" निघेना. उठून तो काचा पुसत बसला. चौकटींच्या ढिगात एक सहावी काच उरली होती. आता कुठे ठेवणार? घर तर सगळं झालं होतं. उगीच आपली म्हणून त्याने ती बाथरूममधल्या फळीवर ठेवली.

दोन दिवसांनी ती काच उचलली तर तिच्यातून आरपार दिसेना. बोटाने रेघ ओढली, रेघ उमटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"अगं, इकडे ये." त्याने काच तिच्यासमोर धरली. "तू इथे काय करतेस?"

"काय करणार? कपडे धुते."

"धुण्याआधी?"

"तुमचे कपडे झटकते. दार लावून घेते, म्हणजे घरात भुसा उडत नाही." त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती गोंधळली. "तुम्हीच सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. नऊ वर्षांपूर्वी कपडे धुण्याचं मशीन भुशाने तुंबलं होतं आणि तो याच दारात उभा राहून तिला म्हणाला होता, तोंडाने नुसतं हो म्हणू नकोस, चांगले जोरजोरात झटकून टाकत जा. तिने ते ऐकलं. रोज संध्याकाळी, एवढ्याशा बंद खोलीत, नाकासमोर धरून, जोरजोरात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा दुसरा कुणी नव्हता, तो स्वतःच होता.

"मला काय ठाऊक," ती म्हणाली.

"तुला कसं असणार? मलाच नव्हतं. चुकलो मी," तो म्हणाला आणि यावेळी ते तोंडातून निघालं.

त्या दिवसापासून तो मागच्या अंगणात बादलीभर पाणी घेऊन कपडे उतरवायचा, तिथेच बुडवायचा, तिथेच धुवायचा. तिला बादलीच्या आसपास फिरकू देत नसे. शेजारणीने भिंतीवरून डोकावून "कपडे धुण्याचा धंदा काढला का?" असं विचारलं, तरी मान वर केली नाही. आठ दिवस उरले होते. दोनशे सात. दोनशे पंधरा. दोनशे बावीस. काटा हलला म्हणून आनंद आणि दिवस संपत आले म्हणून धास्ती, अशी त्याची रस्सीखेच चालली होती. शेवटून दुसऱ्या दिवशी दोनशे चौतीस झाला.

ठरलेल्या सकाळी ती खाटेवर ताठ बसली. दुपारी डॉक्टरबाईंना आकड्यांचा कागद दाखवायचा होता. तिने श्वास भरला, खांदे उचलले आणि फुंकलं. काटा सरकला आणि थांबला. तीनदा फुंकायचं असतं. तीनदा फुंकून झालं. सगळ्यात चांगला आकडा दोनशे चाळीस.

"किती?" तिने विचारलं.

तो नळीकडे बघत राहिला. दहाच कमी. नळीवरच्या दोन रेघा. तिच्या डोळ्यांना चष्मा नव्हता आणि पेन त्याच्या हातात होतं. अडीचशे म्हटलं असतं तर करवत राहिली असती, घासायचं मशीन राहिलं असतं आणि जगात कुणालाही कळलं नसतं.

"दोनशे चाळीस," तो म्हणाला.

 "वाढतोय ना पण? अजून पंधरा दिवस थांबू. मी काही तक्रार करत नाही."

"तेच तर. अकरा वर्षं केली नाहीस."

"अहो, पण तुम्ही मशिनांशिवाय—"

"शब्द दिलाय," तो म्हणाला आणि उठला.

मागच्या खोलीत जाऊन त्याने तिन्ही मशिनांचे प्लग काढले आणि कारखान्यातल्या जुन्या मुकादमाला फोन लावला. "मशिनं हवी होती ना तुला? टेम्पो घेऊन ये. आजच ये, उद्या माझा विचार बदलेल." त्याने फोन ठेवला. खोटं कशाला बोला, त्याला रडू येत होतं.

मागे पावलं वाजली. बायको दारात उभी होती. कित्येक वर्षांत तिने या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता.

"आत येऊ नकोस," तो सवयीने म्हणाला.

"आता का नको? बंद झालं ना सगळं."

ती आत आली. इकडेतिकडे बघितलं, झडपा सरकवून पाहिल्या, पिंपावर टिचकी मारली. मग भिंतीशी दुरुस्तीला आलेली एक खुर्ची होती, तिच्यावर पदर सावरून बसली. काम नवं होतं तेव्हा ती रोज अशीच येऊन बसायची आणि करवतीच्या आवाजावर आवाज चढवून गप्पा मारायची. ते कधी बंद झालं हे त्याला आठवेना. खोली तिच्या वाटणीतून कधी गेली, तेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"डुगडुगते हो ही," ती म्हणाली.

"कुठला पाय?"

"मला काय कळतंय? तुम्हीच बघा."

त्याने भिंतीवरचा हातरंधा काढला, ज्याने धूळ उडत नाही, नुसत्या कुरळ्या ढलप्या पडतात, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि तिच्या पायांशी गुडघे टेकून बसला. ती बहिणीच्या फोनबद्दल सांगू लागली. मध्ये एकदा खोकली, थांबली आणि पुन्हा जिथे होती तिथून पुढे सांगू लागली.