चीनला न्यायचा मोबाईल

हे सांगितलं की तुम्ही मला जन्मभर चिडवणार, माहीत आहे मला. तरी सांगतो. चहा तुम्ही पाजलाय आणि मला गप्प बसवत नाही. दादा गेल्यापासून तर नाहीच. बसलो की डोकं तिकडंच जातं, मग मी उठतो आणि काहीतरी करून ठेवतो. हे त्यातलंच.

आमच्या ताईला चीनला जायचं होतं. चिनी भाषा शिकायला! आम्ही कन्नड तालुक्याकडचे मेंढरंवाले. मी सातवीतून पळालो आणि ही बया शिकत शिकत थेट तिकडची शिष्यवृत्ती मिळवून बसली.

दुष्काळात चारा संपला तशी मेंढरं विकून आम्ही शहरात, गारखेड्यात दोन खोल्यांत आलो होतो. शहर नुसतं फुगत होतं. जिकडं बघावं तिकडं नवी कॉलनी, आणि नळाला पाणी नाही. दादा त्या कॉलन्यांना टँकरनं पाणी द्यायचा. एका वळणावर टँकर उलटला. त्या दिवशी आई माझ्या मोबाईलवरून त्याला सारखा फोन लावत होती. रिंग जात होती. उचलत कुणी नव्हतं.

तेव्हापासून आईनं मोबाईलला हात लावला नाही. मामाचा फोन आला तरी माझ्याच मोबाईलवर यायचा आणि मीच तो तिच्या कानाला धरायचा. ताईला ती एवढंच म्हणाली, "जा. पन पोचल्या पोचल्या तुजा आवाज माज्या कानावर पडला पायजे. नायतर माजा जीव थाऱ्यावर ऱ्हायचा नाय."

ताईसाठी मोबाईल दादा घेणार होता. म्हणून मग मी घेणार. ताईनं कागदावर लिहून दिलं होतं, मेमरी एवढी पाहिजे, स्क्रीन मोठी पाहिजे, बोटानं चिनी अक्षरं काढता आली पाहिजेत. "थांब बाळ्या, मी पन येते," ती म्हणेपर्यंत मी जिना उतरलो होतो. कागद? तो राहिला घरीच!

उस्मानपुऱ्यात एक मोबाईलचं दुकान गाठलं. आता मोबाईल कसा निवडतात मला काय माहीत? मला माहीत होतं मेंढरू कसं निवडतात, आणि तेही दादानं शिकवलेलं. उचलून वजन बघायचं. लांब जाऊन हाक मारायची आणि कान टवकारतंय का बघायचं.

एकेक मोबाईल तळहातावर तोलला. हलके होते ते बाजूला सारले. मग दुकानदाराला म्हटलं, "ह्याची रिंग वाजवा. मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन ऐकतो."

"भाई," तो म्हणाला, "मोबाईल ले रहे हो या भोंगा?"

"वाजवा तर!"

मी रिक्षा चुकवत पलीकडं गेलो. ऐकू येईना. परत आलो, दुसरा वाजवायला सांगितला. असे पाच. सहावा असा बोंबलला, की पलीकडचा पानवालाच ओरडला, "अरे, कुणीतरी उचला ना बे तो फोन!"

"हाच द्या," मी म्हटलं. हा फोन वाजला आणि ताईला ऐकूच आला नाही, असं होणं शक्य नव्हतं.

"इतना जोर का किसके लिए?"

"ताईसाठी. चीनला चाललीय."

दुकानदारानं डोक्याला हात लावला. "अरे यार, ये सब वहीं से तो आता है!" आणि खोका उलटा करून दाखवला. म्हणजे बघा, आम्ही मोबाईलला माहेरी धाडत होतो! वर तो म्हणतो, "वहाँ तो घर घर में यही मिलेगा, एक जैसा."

झालं! किडा वळवळायला लागला. ताई राहणार होस्टेलवर, शंभर पोरींत. शंभर मोबाईल, सगळे काळे, सगळे सारखे. बिनखुणेचं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात शिरलं की गेलंच समजा. आमच्या घरची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा. दादा सळई तापवून मेंढराच्या कानावर ओढायचा. बिचकायचंसुद्धा नाही, असा त्याचा हात!

घरी आलो. ताई सामान भरत होती. मी गॅसवर सळई लाल केली आणि मोबाईलच्या पाठीवर पहिली रेघ ओढली.

दुसरी ओढायची वेळच आली नाही. आधी वास आला, मग मोबाईल पुरीसारखा टम्म फुगला, मग भस्सकन धूर! मला काही सुचेना. फेकला तो थेट पाण्याच्या ड्रममध्ये.

आई किंचाळली, "आरं मुडद्या! आठ दिसाचं पानी हाय त्येच्यात!"

ताई धावत आली. ड्रममध्ये बघितलं, माझ्या हातातल्या सळईकडं बघितलं. "बाळ्या, डाग दिलास? मोबाईलला?"

"खूण करत व्हतो," मी म्हटलं.

ती वळली आणि परत सामान भरायला लागली. दादा असता तर त्यानं एक ठेवून दिली असती आणि मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर ती मुंबईच्या गाडीत चढली. सोबत चीनलाच निघालेल्या दोन पोरी होत्या, हातात चकचकीत मोबाईल. आमची ताई तेवढी रिकाम्या हातानं. मला बघवेना. गाडी हलली तसा पळत जाऊन खिडकीतून माझाच मोबाईल तिच्या मांडीवर टाकला.

"आरं येड्या, आनि तुला?"

"मला कोन फोन करतंय?" मी ओरडलो. काय रुबाबात ओरडलो म्हणून सांगू!

ती पोचायच्या दिवशी आई सकाळपासून उंबऱ्यात बसून. मी दारात येरझारा घालतोय.

"येईल ना रं फोन?"

"येनार म्हंजे काय! कुटल्याबी घडीला येईल."

आईनं जरा विचार केला. "पन बाळ्या, कशावर येनार?"

माझा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला.

आई काही बोलायच्या आत शेजारच्या शबाना आपा मोबाईल घेऊन धावत आल्या. "अम्मा! चीन से फोन है!" मी धरायला पुढं झालो, पण आईनं मला ढकललं आणि मोबाईल स्वतःच्या हातानं कानाला लावला. "पोचलीस का गं? जेवलीस का?" एवढंच विचारत राहिली, चार वेळा, पाच वेळा. मग डोळे पुसून मोबाईल माझ्याकडं दिला.

"बाळ्या," ताई म्हणाली, "तुजा मोबाईल मुंबई यायच्या आतच बंद पडला. आपांचा नंबर पाठ व्हता म्हनून मैत्रिणीच्या फोनवरनं बोलतीय. सगळी बॅग उपसली. चार्जर कुटं टाकलास?"

मी दुसऱ्या खिशात हात घातला. होता की!