तीन बेस, सहा शुक्रवार

आमच्या मामांइतका सावकाश निर्णय घेणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा नसेल, आणि असलाच तर तो अजून जन्माला यावं की नाही याचा विचार करत बसला असेल. मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. आयुष्यभर कुपवाडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते, आता निवृत्त आहेत. चप्पल घ्यायला ते सांगलीत गेले की एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरी चढवून दुकानभर फिरतात, मग रस्त्यावर जाऊन डांबरावर फिरतात, मग परत येऊन म्हणतात, "उद्या येतो. पाय जरा हलका असताना बघायला पायजे." त्या दुकानदाराने त्यांच्यासाठी एक स्टूल कायमचं बाजूला ठेवलं आहे. मामीला बघायला ते इस्लामपूरला पाच वेळा गेले होते. मामी सांगते, "पाचव्यांदा आले तवा मीच म्हटलं, आवं, आता एकतर व्हय म्हणा न्हाईतर रेशनकार्डावर नाव तरी घाला." त्यावर मामा म्हणतात, "घाई केली असती तर चुकली असती का न्हाई बाई?" आणि मामीला हे कौतुक आहे की टोमणा, याचा निर्णय अजून लावता आलेला नाही.

मी याच्या अगदी उलट. साताऱ्यात माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता आणि त्यात लग्नपत्रिकांपेक्षा मोर्च्यांची पत्रकंच जास्त छापली जायची. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. शाळेतल्या पहिल्या निबंधात 'माझी गाय' या विषयावर मी गायीच्या चार मागण्या लिहिल्या होत्या. मी आधी लिहिते, मग छापते, आणि विचार करायचा राहिलाच असेल तर वाटून झाल्यावर करते. मामा मला 'पत्रकबाई' म्हणतात. आमचं तरीही जमतं, कारण कारखान्याच्या गेटवर सभा असली की माझे वडील भाषण करायचे आणि मामा बाजूला उभे राहून बेस गिटार वाजवायचे. दिवसा फिटर आणि शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात बेसवाले, असं त्यांचं दुहेरी आयुष्य होतं. जगातल्या माणसांचे ते दोनच वर्ग मानतात: गाण्यात बेस ऐकू येणारे आणि न येणारे. मी दुसऱ्या वर्गातली. मला गायक ऐकू यायचा, ढोलकी ऐकू यायची, मामा नुसते दिसायचे. "आगं, बेस ऐकू येत न्हाई," ते म्हणायचे, "बेस बंद पडला की ऐकू येतंय."

त्यांचा बेस साधा नव्हता. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एक कारागीर होते. त्यांनी तरुणपणी कुठल्याशा ऑर्केस्ट्रात बेस गिटार पाहिला, डोळ्यांनीच त्याचं माप घेतलं आणि घरी येऊन सतारीच्याच लाकडातून तसा एक कोरला. तो वाजला, म्हणून दुसरा कोरला. असे मोजकेच केले, त्यातलाच एक मामांचा. त्यांवर सतारीसारखी पानाफुलांची नक्षी, आणि खुंट्यांच्या वर मोराची मान. पुण्या-मुंबईच्या दुकानात या कारागिराचं नाव सांगितलं तर दुकानदार मान हलवतो आणि दुसरंच काहीतरी काढून दाखवतो. मामांच्या मते यात नुकसान दुकानदाराचं. पण महापुरात ऑर्केस्ट्राचं सांगलीतलं गोदाम आठवडाभर पाण्याखाली राहिलं आणि आत मामांचा बेस होता. बाहेर काढला तेव्हा त्याची मान दोडक्यासारखी वळली होती. मामांनी तो घरी आणून भिंतीवर टांगला. मामीने हार घालायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यानंतर ऑर्केस्ट्राने त्यांना नवा कोरा कंपनीचा बेस दिला. मामा तो वाजवत राहिले, पण घरी कधी त्याचं नाव काढलं नाही.

मग यंदा मिरजेहून निरोप आला. कारागीर जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची मुलगी, रुखसानाआपा, एवढी वर्षं त्यांच्या कामाच्या खोलीला कुलूप लावून होत्या. आता त्या खोली रिकामी करून हुबळीला मुलाकडे जाणार होत्या. आत तीन बेस शिल्लक होते: एक लाल, एक काळा आणि एक रंग न लावलेला, कोरा. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने तिन्ही मागितले होते. आपा त्याला म्हणाल्या, "दोन देते. एक आमच्या भाऊंचा. अब्बा सांगून गेलेत, जो वाजवतो त्याला विचारल्याशिवाय द्यायचं नाही." व्यापारी महिन्या-दीड महिन्याने येणार होता. भाऊ म्हणजे आमचे मामा; तोवर त्यांनी एक निवडायचा होता. फक्त एक.

दुसरा कोणी असता तर तासाभरात उचलून चालू लागला असता. पण मामांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण होती, आणि ती त्यांनी मला एस. टी. स्टँडवर चहा पिताना अगदी सहज सांगितली. तीस वर्षं कारखान्यातल्या प्रेस मशिनच्या धडधडाटात काढल्यामुळे त्यांचा उजवा कान जवळजवळ गेला होता आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला होता. डॉक्टर म्हणाले होते की असे कान आधी बारीक आवाज सोडतात, जाड आवाज सगळ्यात शेवटी. "म्हंजे मामीचा आवाज आधी जाणार आन् बेस शेवटाला," मामा म्हणाले. "देवानं वाटणी बरी केली." मामीने घरी याला लगेच उत्तर दिलं होतं, "मग मी जाड आवाजात भांडीन." मी हसले. मामा बशीकडे बघत म्हणाले, "एक बेस निवडायचा हाय, पत्रकबाई. पुन्यांदा निवडायला कान ऱ्हातील न ऱ्हातील. ह्यो बरोबर निवडायला पायजे."

तर दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की आपा खोली उघडायच्या आणि मामा कुपवाडहून स्कूटरवर हजर व्हायचे. सोबत एक छोटा स्पीकर, एक वही आणि हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर. कारखान्यात मशिनच्या पोटातलं बेअरिंग खराब झालंय का हे बघायला फिटर लोक स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनवर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. आतली खरखर हाडातून थेट डोक्यात येते. मामांनी तीच पद्धत बेसला लावली. एका हाताने एकच तार छेडायची, स्क्रूड्रायव्हर लाकडावर टेकवायचा, मूठ कानामागे, डोळे मिटलेले. एकच स्वर अर्धा अर्धा तास. वहीत नोंदी मशिनच्या लॉगबुकासारख्या: 'काळा. तीन तास चालवला. तापला नाही. खडखड नाही.' 'लाल. दिसायला चांगला. वरच्या बाजूला पोकळ वाटतो. पुन्हा तपासणे.' 'कोरा. समजत नाही.' तिसऱ्या शुक्रवारी शेजारच्या सतारवाल्याने डोकावून विचारलं, "भाऊ, बेस निवडताय का छाती तपासताय?" मामा डोळे न उघडता म्हणाले, "पेशंट बोलंना झालाय, गड्या."

चौथा शुक्रवार झाला, पाचवा झाला, मामांचा निर्णय झाला नाही. आणि माझा मात्र झाला. कुणीतरी मला सांगितलं की तो व्यापारी हे बेस पुण्यातल्या एका हॉटेलच्या भिंतीवर लावणार आहे. माझं डोकं भडकलं. मिरजेच्या माणसाने मिरजेच्या लाकडातून केलेलं वाद्य, आणि ते कुणाच्या तरी जेवणामागे शोभेला? मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं, 'मिरजेचा खर्ज विकणे आहे काय?', आणि दोनशे प्रती काढल्या. मिरजेत जाऊन स्टँडवर वाटल्या, चहाच्या टपऱ्यांवर ठेवल्या, आणि शेवटची प्रत, आता सांगायला लाज वाटते, आपांच्या खोलीच्याच दारावर खळीने चिकटवली. पत्रकात 'वारसा' हा शब्द सात वेळा होता. रुखसानाआपांचं नाव एकदाही नव्हतं.

सहाव्या शुक्रवारच्या सकाळी मामांचा फोन आला. ते चिडले नव्हते. ते कधीच चिडत नाहीत, त्यालाही त्यांना वेळ लागतो. "वाचलं," ते म्हणाले. "लिवलंयस झकास. पर एक सांग, आपांना इचारलंस का?"

"मामा, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आगं, तत्त्वाचाच हाय. गेटवर सभा घ्यायची तर आत काम करणाऱ्याला आधी इचारायचं, हे तुझ्या बानंच शिकिवलं आमाला. ये मिरजेला. माफी मागायची हाय."

मी गेले. आपा दारातच उभ्या होत्या, ओल्या फडक्याने माझं पत्रक दारावरून खरवडत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या बाई. अर्धं निघालं, अर्धं तुम्ही काढा." मी फडकं घेतलं. दोघी घासत राहिलो. मग त्याच म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं वारसा. तुम्हाला माहितीये, ह्या खोलीत मी काय करत होते? अब्बांच्या अंगात ताकद होती, बारीक कामाची नजर नव्हती. लाकूड त्यांचं. तार माझी." तेव्हा कळलं की तारांखाली बसवलेली, आवाज पकडून स्पीकरकडे पाठवणारी पिकअपची डबी आपा भरायच्या. केसाहून बारीक तांब्याची तार, शिलाई मशिनच्या चाकावर हाताने गुंडाळलेली, हजारो वेढे. शंभर वेढे झाले की एक चिंचोका बाजूला. बारा-तेरा वर्षांच्या वयापासून. मिरजेत हे कुणाला माहीत नव्हतं. मामांनाही नव्हतं, आणि मामा तिथे आयुष्यभर येत होते. माझ्या हातातलं फडकं थांबलं. माफी मागायला मी चार वाक्यं जुळवून आणली होती. "चुकलं, आपा," एवढंच बोलता आलं.

"चुकलं तर चुकलं," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात राहिलंय, ते घासा."

आत मामांनी शेवटच्या तपासणीला कोरा बेस घेतला होता. तार छेडली, स्क्रूड्रायव्हर टेकवला. मूठ कानामागे लावली. मग म्हणाले, "आपा, ह्यो मला सहा आठवडं छळतोय. ह्याचा आवाज एका अंगानं जड हाय. नियमात बसत न्हाई. बेअरिंग असतं तर बदललं असतं. पर ह्यो ऱ्हातो, डोक्यात ऱ्हातो. डाव्या कानानं सोडला तरी हाडात ऱ्हातो."

आपांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. "तो माझा पहिला, भाऊ. वेढे घालताना दारावरून वरात गेली. मी बघायला पळाले, परत आले तर चिंचोके विसरले. किती झाले ते कळेना, म्हणून घालतच गेले, घालतच गेले. अब्बा म्हणाले, हा वाया गेला. रंगसुद्धा लावला नाही त्याला."

मामांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. चप्पल निवडायला दोन दिवस आणि बायको निवडायला पाच फेऱ्या घेणारा हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत दोन सेकंदांत म्हणाला, "ह्योच."

"भाऊ, चुकीचाय तो."

"ह्योच. आन् घाई केली म्हणू नगा. सहा शुक्रवार झालं."

मग त्यांनी चार स्क्रू काढून पिकअपची डबी उचलली, आतल्या कोऱ्या लाकडाकडे बोट केलं आणि खिशातली पेन्सिल आपांपुढे धरली. "नाव लिवा. लाकडावर तुमच्या अब्बांचं हाय, आत तुमचं नको?" आपांनी पेन्सिल कितीतरी वेळ नुसती धरून ठेवली. मग मराठीत, शाळेतल्या वळणाने, आपलं नाव लिहिलं.

व्यापारी रविवारी आला. लाल बेस त्याला मामांनीच दाखवला: "लय देखणा. भिंतीवर शोभून दिसंल." तो खूश होऊन गेला. लाल बेस वरच्या बाजूला पोकळ आहे हे त्याने विचारलं नाही आणि भिंतीला ते कळायचं कारण नाही. काळा मात्र आपांनी ऐनवेळी दिला नाही. "हुबळीला सोबत नेते," म्हणाल्या. "आणि भाऊ, तुमचा बुडालेला बेस द्या. मानेचं काही होणार नाही, पण डबी परत भरते. हात अजून चालतात का बघू." पुढच्याच आठवड्यात त्यांनी नव्या तारेचं रीळ मागवलं. मीही एक नवं पत्रक काढलं. यावेळी आधी त्यांना वाचून दाखवलं. फक्त चार ओळींचं होतं, आणि त्यातल्या दोन त्यांनी खोडल्या.

परवा पलूसला एका शाळेच्या मैदानावर, ऊन उतरताना, ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. मी मुद्दाम साताऱ्याहून गेले. मामा नेहमीसारखे मागच्या बाजूला उभे होते, पण चप्पल नव्हती पायात. निवडायला दोन दिवस लागलेली ती चप्पल त्यांनी व्यवस्थित जोडून स्पीकरच्या मागे ठेवली होती. ढोलकी आता डाव्या कानाला नीट पोचत नाही, म्हणून ते प्लायवूडच्या स्टेजवर अनवाणी उभे राहून तळपायांनी ताल घेतात. मामी पहिल्या रांगेतून खुणा करत होती, खरोखरच जाड आवाजात "पुढं या, दिसत न्हाई तुमी" म्हणत होती. ते पुढे आले नाहीत. कोरा, रंग न लावलेला बेस त्यांच्या पोटाशी होता आणि त्यांचा चेहरा खोलीत डोळे मिटून बसायचे तसाच शांत होता.

किती दिवस हे चालेल, डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही. मी स्टेजच्या कडेला लोखंडी रेलिंगला हात ठेवून उभी होते. दुसऱ्या गाण्यात गायक थांबला, ढोलकी थांबली, आणि माझ्या तळहाताखाली काहीतरी जड, एका अंगाला कललेलं, हळूहळू चालत आलं. मी हात उचलला नाही. गाणं संपून लोक टाळ्या वाजवत होते तरी मी तो तिथेच ठेवला होता.