खंडेनवमीला थांबलेलं घड्याळ

मालकांच्या घड्याळांच्या खोलीचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. राग धरावा अशी खरं तर माझी ऐपत नव्हती. नवरा त्यांच्या खडी क्रशरवर टिप्पर चालवायचा. तो काविळीनं गेला तेव्हा तिकडं भंडाऱ्याहून, ना माहेरचं ना सासरचं, कोणीच मला न्यायला आलं नाही. मालक म्हणाले, "कुठं जाता आता पोरीला घेऊन? मागची खोली हाय. अव्वाला सैपाकाला माणूस पायजेच." सातवीत शाळा सुटलेल्या बाईला उमरग्यासारख्या अनोळखी गावात कोणी एवढं म्हणावं, हे मी विसरले नाही. सहा वर्षं झाली, अजून विसरलेली नाही. म्हणून राग आला की त्याच्या मागोमाग मला भीती वाटायची. आपण ज्याचं खातो त्याच्यावरच चरफडतो, असं वाटायचं.

अव्वा म्हणजे मालकांची आई. मालकीणबाई लेकरांच्या शाळेपायी पुण्यात राहतात. म्हणजे उमरग्याच्या त्या दुमजली घरात मालक, अव्वा आणि मागच्या खोलीत मी नि माझी मुलगी. मुलगी त्या वर्षी दहावीला होती. मार्चपर्यंत ही खोली हातची जाऊ नये, एवढंच मी देवाकडं मागत होते. नव्या जागी शाळा कुठली, भाडं कुठलं, आणि बोर्डाच्या वर्षी पोरीला घेऊन हिंडायचं कुठं?

मालकांना वस्तूंचा नाद होता. नाद हा शब्द त्यांना आवडायचा नाही, ते 'शौक' म्हणायचे. क्रशरवर दिवसभर धूळ खाऊन आले की हातपाय धुवायच्या आधी वरच्या खोलीत जायचे. तिथं काचेच्या कपाटात घड्याळं होती. एकवीस. मनगट एकच, अव्वा म्हणायची. ही घड्याळं सेलवर चालत नाहीत, हातात घालून हललं की त्यांना चावी बसते. हातात तर कोणी घालत नाही, म्हणून त्यांना हलवत ठेवायला विजेवरच्या पेट्या होत्या. पेटीत मखमली उशीला घड्याळ बांधायचं, आणि ती उशी रात्रंदिवस हळूहळू गरगरत राहायची. पाळणाच तो. माझी मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि वरून त्या पाळण्यांची बारीक घरघर ऐकू येत होती. तेव्हापासून मला ती खोली पुसताना तोंड वाकडं केल्याशिवाय राहवत नसे.

एक घड्याळ सगळ्यांत लाडकं होतं. त्यात तारीख, वार, महिना दिसायचा, चंद्रसुद्धा होता. कुठला महिना तीसचा, कुठला एकतीसचा, हे त्याला आपोआप कळायचं. फेब्रुवारीसुद्धा. "आणलं तवापासनं एकदाबी थांबलेलं न्हाय," मालक पाहुण्यांना सांगायचे. जसं काही हे स्वतः उठून क्रशरवर जातं आणि कमावून आणतं.

बाकी घरभर वस्तूच वस्तू. बोललं की दिवा लावणारी डबी, जमिनीवर सरपटणारी झाडूची थाळी, पडदे ओढणारी मोटर. डबीशी मालक हिंदीत बोलायचे, आणि किती गोड! "जरा पंखा धीमा करना." मला मात्र, "ओ बाई, च्या." अव्वाचं तर डबीशी उघड वैर होतं. अव्वा म्हणायची, "ए भवाने, दिवा लाव की." डबी गप्प. अव्वा म्हणायची, "भैरी हाय रांड." कधीतरी डबी मध्येच बोलायची, "माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई." मग अव्वा माझ्याकडं वळायची. "तुझ्यावानीच हाय. तुलाबी माजं काय समजत न्हाय, भातखाऊ." आम्ही भंडाऱ्याकडचे भात खाणारे, म्हणून मी भातखाऊ.

आणि पिवळी गाडी. परदेशातली, हैदराबादहून कोणाकडून तरी घेतलेली, जमिनीला पोट टेकलेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. त्यावर तिचं पोट घासायचं. म्हणून गाडी काढायची झाली की मी आणि शेजारचा किराणावाला, दोघांनी दोन फळ्या आणून गतिरोधकाच्या अलीकडं-पलीकडं मांडायच्या, मालक मुंगीच्या पावलानं गाडी न्यायचे, आणि आम्ही फळ्या उचलून परत आणायच्या. किराणावाला एकदा म्हणाला, "मालक, घोडा तरी घ्यायचा हुता, उडी मारून गेला असता." मालक आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मालक पिवळी घेऊन हैदराबादला गेले. तिथं अशाच गाड्यांच्या शौकिनांचं काहीतरी जमणं होतं. अव्वाचा तिळपापड झाला. "खंडेनवमीला गाडीची पूजा असती. ह्यो गाडी घेऊन पळाला! बापानं एका लुनाला हार घातला जलमभर, पण घातला."

सकाळी अव्वानं मला ओसरीवर पाट मांडायला लावले. विळी, खुरपं, कुऱ्हाड, मालकांच्या वडिलांचा पाना, मिक्सर, शिवणयंत्र. सगळं धुऊन, हळद-कुंकू लावून, झेंडूची फुलं. आमच्याकडंही अशीच पूजा असते, नांगर धुतात, म्हणून मला हे सगळं ठाऊक होतं. पूजेला बसवलेल्या हत्याराला त्या दिवशी काम सांगायचं नाही. वर्षभर राबलेल्या जिवाला तेवढा विसावा. मी विळीला हात लावायला नको म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवली होती.

अव्वानं झाडूची थाळी मागवली, तिला कुंकू लावलं. डबीला लावलं. डबी म्हणाली, "माफ़ कीजिए."

"गप बस आजच्या दिस," अव्वा म्हणाली आणि तिची वायर उपटली. मग जिन्याकडं बघून म्हणाली, "वरचीबी बंद कर जा."

"वरची कुठली?"

"त्याची घड्याळं. यंत्रं न्हाईत व्हय ती? गरगर फिरत्यात रातंदिस. बंद कर, हळद-कुंकू लाव काचंला."

"मालक रागावतील, अव्वा."

"पूजा केली म्हून? रागावू दे. म्या हाय की."

खरं सांगते, मी फार वेळ नाही म्हटलं नाही. वर गेले आणि सगळ्या पेट्यांचं बटण एकदम बंद केलं. घरघर थांबली. ती खोली मी पहिल्यांदा शांत ऐकली, आणि मला बरं वाटलं. काचेला कुंकवाची बोटं लावताना तर फारच बरं वाटलं.

दसऱ्याला सोनं वाटून झालं की मी बटण चालू करणार होते. अव्वानं अडवलं. "ज्याचं हत्यार त्यानं उचलायचं असतंय. त्यो येऊ दे." विळी तिची, ती तिनं उचलली. घड्याळं मालकांची, म्हणून ती तशीच राहिली. मला वाटलं होतं, घड्याळ म्हणजे काय, थांबलं तर काटे फिरवले की झालं.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मालकांचा फोन आला. दुपारी घरी पोचतोय, सोबत तीन शौकीन माणसं आहेत, जेवण कर, आणि वरची खोली पुसून ठेव. मी वर धावले. निम्मी घड्याळं थांबली होती. ते लाडकंही. काटे अकरावर, तारीख दसऱ्याची.

मी घाईघाईनं पेट्या चालू केल्या. बाकीच्यांचे काटे माझ्या मोबाइलवर बघून लावले. लाडक्याची तारीख मात्र काटे फिरवायच्या किल्लीनं बदलत नव्हती. मालक तारीख कशी लावतात ते मी एकदा फडकं हातात घेऊन बघितलं होतं. कडेला बारीक खळगे असतात, ते टोकदार काडीनं दाबायचे. काडी कुठं असते ते मला माहीत नव्हतं. मी पदराची सेफ्टी पिन काढली आणि दाबली. तारीख हलली नाही. जोरात दाबली. आत काहीतरी कट्‌ झालं आणि तारीख अर्धी वर, अर्धी खाली, अशी अडकली. पिन घसरून कडेला ओरखडाही उमटला. मी ते घड्याळ तसंच उशीला बांधलं आणि खाली येऊन कणीक मळायला बसले. कणीक पातळ झाली, परत पीठ घातलं, परत पातळ झाली.

दुपारी फळ्या मांडल्या. चार गाड्या, चार वेळा. पाहुण्यांतला एक जण माझ्याकडं बघून मालकांना म्हणाला, "हायड्रॉलिक लिफ्ट ठेवलीय का?" सगळे हसले. मालकही हसले.

आणि पाचच मिनिटांत वरून मालकांचा आवाज. मी जिन्यात पोचले तोवर अव्वाही कठड्याला धरून वर आली होती. लाडकं घड्याळ मालकांच्या तळहातावर होतं. पाहुण्यांतला एक टक्कल पडलेला माणूस डोळ्याला भिंग लावून बघत होता.

"काटे रात्रीच्या अकराच्या पुढं-मागं असताना ह्याची तारीख बदलायची नसते," तो म्हणाला. "आतली चाकं त्या वेळी गुंतलेली असतात. दात मोडलेत. आणि ही पिन खुपसलीय कोणीतरी. देशात नाही व्हायचं हे काम, बाहेर पाठवावं लागेल."

"कुणी केलं?" मालक माझ्याकडं बघत होते. "ओ बाई! तुला ह्या खोलीत पुसायला ठिवली का धंदे करायला? अडाणी ते अडाणीच! आजच्या आज..."

"म्या केलं," अव्वा म्हणाली.

मालक तिच्याकडं वळले.

"खंडेनवमी हुती. बंद म्या कराय लावली. टाचणीबी म्याच घातली. काय करतूस? फाशी देतूस?"

"तुला सुई ववता येत न्हाय, अव्वा, आन् तू पिन..."

"मग म्हून तर मोडलं!"

पाहुणे भिंतीवरची चित्रं बघायला लागले. मालकांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "बापाच्या लुनाची बराबरी करतीस तू माझ्या वस्तूंशी. जलमभर हेच. मी काय बी आणलं की तुझ्या पोटात दुखतं."

"दुखतंय. घरात माणूस बोलंना झालंय, आन् तू घड्याळाला पाळणा हलवतूस!"

पाहुणे घाईघाईनं जेवले. जाताना मी परत फळ्या मांडल्या. या वेळी कोणी हसलं नाही.

मी वाचले होते. पण पुढचे पाच दिवस मालक अव्वाशी बोलले नाहीत. ताट वर मागवायचे. अव्वा खाली एकटी बसून मोठ्यानं जेवायची, भांडी आपटायची, आणि मला म्हणायची, "ऐकू जाऊ दे वर." तिला मजा येत होती असं मला वाटायचं, पण संध्याकाळी ती जिन्याकडं तोंड करून खुर्ची मांडायची, तेव्हा तसं वाटत नसे. माझ्या हातचं पाप म्हातारीच्या नावावर, आणि ज्या माणसानं मला आसरा दिला त्याच्यापासून खरं दडवून मी रोज त्याला पोळी वाढत होते.

सहाव्या दिवशी ताट घेऊन वर गेले ते खाली ठेवलंच नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

"मालक, पिन मी घातली. बंद करायला अव्वांनी सांगितलं, पण पिन माझी होती. घाबरून केलं. पोरीची दहावी आहे, खोली जाईल म्हणून बोलले नाही."

ते मोबाइलवर बोट फिरवत होते.

"अव्वा खोटं बोलली म्हंजे."

"माझ्यासाठी बोलल्या."

"तुझ्यासाठी न्हाय. माझ्या उरावर बसायला बोलली." मग मान वर केली. "परीक्षा कधी पोरीची?"

"मार्चात."

"तवर राहा. तवर. मग बघू. आन् ह्या खोलीत पाय ठिवायचा न्हाय. थाळी पुसून घील." ताटाकडं बघून म्हणाले, "भाजीत मीठ न्हाय रोजच्याला. डोकं कुठं असतंय तुझं?"

मी पाया पडणार होते. पडले नाही. जिन्यातच बसून घेतलं. मार्च, मार्च, एवढंच डोक्यात. त्यांचे उपकार होते, आणि त्या क्षणी मला ते उपकार त्या पेट्यांसकट गतिरोधकावर आपटावेसे वाटत होते.

अव्वाला सांगितलं तर ती माझ्यावर तुटून पडली. "कुणी सांगितलं हुतं हरिश्चंद्र व्हायला? वर्सांनी तोंड भरून भांडले त्याच्याशी! वर्सांनी त्यो माझ्या अंगावर वरडला, त्या डबीशी ग्वाड बोलत बसला न्हाय! सगळी माती केलीस, भातखाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक खाली जेवायला बसले. अव्वा समोर. मी आत तव्यापाशी होते.

"लई शाणी समजती स्वतःला," अव्वा म्हणाली.

"भाजीत मीठ टाकायची अक्कल न्हाय," मालक म्हणाले.

"पोळीबी वातड करती."

"तेच म्हनतो मी. मार्चनंतर दुसरी बघू."

"बघ की. पर उमरग्यात मिळायची न्हाय हिच्याएवढी स्वच्छ."

"ते बी हाय."

मायलेक किती तरी दिवसांनी समोरासमोर बसून एका सुरात बोलत होते. मी पोळी उलटली आणि भाजीत मीठ दोनदा घातलं.