पडद्याकडे पाठ

डायरेक्टर स्वतःचा सिनेमा कधी बघायचे नाहीत. सिनेमा सुरू झाला की पडद्याशेजारी खुर्ची ओढून, पडद्याकडे पाठ करून ते प्रेक्षकांसमोर बसायचे. पडद्यावरचं त्यांना पाठच असायचं. समोरच्यांच्या तोंडावर काय उमटतं ते बघायचं असायचं. नवख्या माणसाला वाटायचं, हा बाबा आपल्यावर पहारा का देतोय?

हिंगणघाटात सगळे त्यांना डायरेक्टरच म्हणत. पोटासाठी लग्नांचं शूटिंग आणि उरलेल्या वेळात वीस-पंचवीस मिनिटांचे सिनेमे. माझं पिपरी मेघेत शिवणकामाचं दुकान आहे. ते एकदा जुन्या साड्या मागायला आले. धुऊन परत करा, असं मी बजावलं. बजावणारी बाई त्यांना आवडली असावी, कारण तेव्हापासून सगळा कपडेपट माझ्या गळ्यात पडला. पुढे युनिटचं जेवणही.

त्यांचा एक नियम होता. "मानूस एकटा असतानी काय करते थे आधी दाखवा. मंग थो काईबी बोलो, लोक आयकतेत." एका खाष्ट सासूच्या गोष्टीत त्यांनी आधी तिला एकटीला, चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने बांधताना दाखवलं. पुढे ती सुनेवर इतकी ओरडली, तरी बायका तिच्यावर पुरत्या रागावल्या नाहीत. ही लबाडी झाली, असं मी म्हटलं.

"हाये ना," ते म्हणाले. "पन लोकंबी लबाडच असतेत, वयनी. मानूस समोर येयाच्या आधीच फैसला करून बसतेत."

शेवटचा सिनेमा त्यांनी स्वतःच्या थोरल्या बहिणीवर काढला. आमच्याकडे वडील गेले की लग्न झालेल्या मुली भावांना हक्कसोड लिहून देतात. शेतातला हिस्सा सोडायचा आणि माहेर राखायचं. ताईंनी सही केली नाही. अल्लीपूरला माहेरच्या अंगणात उभं राहून त्या तिन्ही भावांशी भांडल्या आणि हिस्सा घेतला. त्यानंतर त्यांना माहेरी कुणी बोलावलं नाही. धाकटा भाऊ म्हणजे डायरेक्टर, त्यांनीही नाही. राखी बंद झाली.

"गावानं तिले हावरट ठरवलं, मीबी ठरवलं," ते मला म्हणाले. "आता त्याच गावाच्या तोंडून तिले बरं म्हनवून घेतो. तिच्या समोर." इतक्या वर्षांनी ते तिच्या दारात गेले आणि आमंत्रण देऊन आले. ताईंचं उत्तर एवढंच, "सिनेमा पाह्याले येईन. माहेरी नाई."

ताईंचं काम करणाऱ्या बाईला त्यांनी ठिगळाची साडी नेसवली. ताईंच्या घरी कधी ठिगळ लावायची वेळ आली नव्हती, हे मी सांगून बघितलं. "लोकाइले दया आली पाह्यजे," म्हणाले. भांडणाचा प्रसंग घेतला होता, तोही कापला. त्याऐवजी ती डोळे पुसत बांधावरून निघून जाते.

भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना चादरी लावून अल्लीपुरात सिनेमा दाखवला. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. डायरेक्टर खुर्चीत बसून ते बघत होते, तोंडावर समाधान. मग त्यांची नजर ताईंवर गेली. त्या मांडीवर पर्स धरून ताठ बसल्या होत्या.

चादरी निघाल्यावर ताई म्हणाल्या, "हे कोन होय?"

"तूच तं होय, ताई."

"मी ठिगळाची साडी कवा नेसली रे? अन मी रडली नाई, भांडली. तुह्यासंगच भांडली. थे काऊन कापलं?"

"भांडनारी बाई लोकाइले आवडत नाई."

"मंग नोको आवडू दे. हिस्सा माहा होता म्हनून मांगतला. गरीब होती म्हनून नाई."

डायरेक्टर बाहेर येऊन पायरीवर बसले. मग मला म्हणाले, "वयनी, साडी काढा. चांगली, काठापदराची."

भांडण त्यांनी पुन्हा चित्रित केलं. संवाद तेच, भावांचेही. आधी कॅमेरा भावांच्या मागे होता आणि अंगावर धावून येणारी बाई दिसत होती. आता तो तिच्या खांद्याशी ठेवला. समोर तीन धडधाकट भाऊ दिसू लागले, त्यांतला एक ते स्वतः. पुन्हा सिनेमा दाखवला तेव्हा कुणी रडलं नाही. एक म्हातारबुवा उठून गेले. चपला घालताना दोन बायकांची चांगलीच जुंपली. गावाच्या तोंडून बरं म्हणवून घेण्याचा बेत फसला होता. ताई मात्र जाताना म्हणाल्या, "आता मी दिसली."

त्या वर्षी राखी पोस्टाने आली. ताई आल्या नाहीत. "येवढं पुरे," डायरेक्टर म्हणाले आणि मनगट लपवत कॅमेऱ्याची बॅग आवरू लागले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. शोकसभा त्याच समाजमंदिरात झाली. जो उठेल तो म्हणे, देवमाणूस, कधी कुणाला दुखावलं नाही. मग मागून ताई उभ्या राहिल्या.

"यानं मले कितीक वर्सं वळखच देल्ली नाई. थे कोनी सांगून नाई राह्यलं," त्या म्हणाल्या. "थे सांगा. तवाच थो माह्या दारात आलता, त्याले काई किंमत राहीन."

टेबलावर त्यांचा फोटो होता, नेहमीसारखाच आमच्याकडे तोंड करून. मी उठले आणि इस्त्रीची एक घडी चुकली तर ते सगळ्या युनिटसमोर माझ्यावर कसे ओरडायचे, ते सांगायला लागले.