लांडगा, मेंढी आणि साहेबांचा कुत्रा

“आधी पुढचं चित्र बघ की.” पहिलीच्या वर्गातल्या कुठल्याही प्रश्नाला बाईंचं हेच उत्तर असे. लांडगा मेंढीला खाणार का, बाई? मेंढी पळत का नाही, बाई? बाई कानामागचा खडू काढत, फळ्याकडे वळत आणि मागे न बघता म्हणत, “आधी पुढचं चित्र बघ की.”

बाळांनो, चित्रकथांची पुस्तकं तुम्हाला दुकानात हवी तितकी मिळतात. आमच्या सोलापूरच्या शाळेत, तुमचे बाबा रांगत होते त्या काळात, ती बाईंच्या हातून तयार होत. मी वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवत असे, म्हणून त्या मला ‘इंग्रजीच्या बाई’ म्हणत. त्या स्वतः वळसंगच्या. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्ही.

चादरीवर नक्षी विणताना मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. पुठ्ठे हातभर लांब, चार बोटं रुंद, दोऱ्याने एकमेकांना जोडलेले. नक्षी जुनी झाली की माळ टाकून देतात. बाई ती विणकरांच्या घरून मागून आणत आणि एकेका पुठ्ठ्यावर एकेक चित्र काढत. भोकं वाया जात नसत. एक भोक लांडग्याचा डोळा व्हायचं, दहा भोकं म्हणजे गारा. खिडकीच्या गजांना आडवी काठी बांधून माळ तिच्यावर टाकली की मुलं खालून ओढत आणि गोष्ट पुढे सरके.

गोष्ट काय, तर लांडग्याला थंडी वाजते. मेंढी अर्धी लोकर काढून देते. मग सोलापूरचा उन्हाळा येतो आणि लांडगा लोकरीत उकडून निघतो, पण मैत्रिणीने दिलेली वस्तू परत कशी करायची, म्हणून तसाच जीभ काढून बसतो. प्रत्येक चित्राखाली एखाद-दुसरा शब्द. ‘ये.’ ‘नको.’ ‘थंडी?’ ‘लई.’

वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू बोलत. विणकराची एक मुलगी दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हती. लांडग्याची जीभ बघून ती खुदकन हसली आणि खालचा शब्द मोठ्याने वाचून मोकळी झाली, ‘उकडतंय.’ बाईंनी तिला शाबासकीसुद्धा दिली नाही. फक्त माळ ओढायला तिच्या हातात दिली.

मग तपासणीला साहेब आले. त्यांनी माळ ओढून पाहिली. मागावरच्या माळेसारखीच ती टोकाला टोक जोडलेली, त्यामुळे शेवटानंतर पुन्हा पहिलं चित्र आलं. साहेबांनी विचारलं, “तात्पर्य कुठं आहे?”

“मागावरच्या माळेला शेवट नसतो साहेब. तात्पर्य कुठं लावू?”

साहेब अगदीच वाईट नव्हते. उद्या एखादं पोर लांडग्याला मिठी मारायला गेलं तर जबाबदार कोण, अशी त्यांची काळजी. बाई म्हणाल्या, मेंढपाळाचं पोर तुमच्या-माझ्यापेक्षा लांडगा ओळखतं. ते इथं वाचायला येतं, आणि हसल्याशिवाय वाचत नाही. शेवटी साहेबांनी हुकूमच दिला. दोरा तोडून एक पुठ्ठा जोडा. त्यावर कुत्रा येऊ दे आणि लांडग्याला हाकलू दे. महिन्याने परत येईन. तसं झालं नसेल तर पहिलीचा वर्ग तुमच्याकडे राहणार नाही.

हेडमास्तरांनी समजावलं. मीही म्हटलं, एका कुत्र्यानं तुमचा वर्ग वाचत असेल तर काढा कुत्रा. बाई “बरं” म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या, की तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती.

साहेब आले, खुर्चीवर बसले. मुलांनी माळ ओढली. कुत्रा आला, सुळे दाखवत, शेपटी ताठ करून. साहेबांनी मान डोलावली. मुलांनी माळ आणखी ओढली. पुढचा पुठ्ठा वर आला. कुत्रा लांडग्याच्या पोटाला टेकून झोपला होता आणि उरलेली अर्धी लोकर मेंढी त्याच्या अंगावर घालत होती. वर्ग खिदळला. मी दारात उभी होते. मलाही आवरलं नाही.

साहेब म्हणाले, “मी काय सांगितलं होतं?”

“कुत्रा सांगितला होता. आणला की.”

“त्यानं हाकलायचं होतं.”

“त्याला ते पटलं न्हाय साहेब.”

बदलीचा हुकूम आला, सांगोल्याकडच्या एका वाडीवर. माफीच्या दोन ओळी लिहा, साहेब मागे घेतील, असा निरोप हेडमास्तरांनी आणला होता. बाईंनी त्यांनाच विचारलं, “कुणाला चावला का हो कुत्रा?”

मी त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेले, त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या, पायाशी एक पत्र्याची ट्रंक आणि मांडीवर माळ. मी म्हटलं, तिकडे खरे लांडगे असतात, जपून.

“असू देत की. तिथली पोरं मेंढ्यांमागं फिरणारी. त्यांना दाखवते, चूक निघाली तर दुरुस्त करीन. साहेबांसाठी न्हाय करायची.”

शेजारच्या सीटवरच्या म्हातारीने विचारल्याशिवायच माळ आपल्याकडे ओढली. एक पुठ्ठा, दुसरा, तिसरा. गाडी सुरू झाली तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत होती, आणि बाई खिडकीबाहेर न बघता तिच्या हाताखाली पुढचा पुठ्ठा सरकवत होत्या.