वाया गेलेला नमुना आणि सोमाजी काका

कुठलीही बाटली उघडली की सोमाजी काका ती आधी नाकाशी नेत. आमगावजवळच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ते परिचर होते. मी तिथे पशुधन पर्यवेक्षक म्हणून नवाच रुजू झालो होतो, घरातला पहिला पदवीधर. "लेबलावर कोणीबी काहीबी लिहिते गा, वास खोटा बोलत नाही," असं ते मला सांगत.

त्या वर्षी धान कापल्यावर एका बांधीत, म्हणजे धानाच्या रिकाम्या शेतात, खतासाठी मेंढ्यांचा कळप बसवला होता. आठवड्यात चार मेंढ्यांनी गाभ टाकला. मेंढपाळ धोंडबाची सून रतना उघड्या हातांनी मेलेली कोकरं ओढून काढत होती, आणि तिला स्वतःला पाचवा महिना होता. दवाखान्याच्या डॉक्टर साहेबांना गाभ पाडणाऱ्या जिवाणूंच्या रोगाचा संशय आला. तो रोग माणसालाही लागतो, आणि गरोदर बाईला तर जास्तच धोक्याचा. त्यांनी मला तपासणीसाठी ताजी वार, म्हणजे कोकरामागून पडणारी झिल्ली, आणायला पाठवलं. कुत्र्यांच्या तावडीतून वाचलेली एकच वार मिळाली. ती टिकावी म्हणून मी बाटलीत वरून फॉर्मेलिन ओतलं.

काकांनी झाकण काढलं, वास घेतला आणि ते खालीच बसले. "जंतू मारून आणला गा बाबू! आता प्रयोगशाळावाले काय वाढवतीन?"

मी म्हणालो, "अहवालाला वेळ लागतोय, असं धोंडबाला सांगू या."

"कायले? अहवाल नाही म्हणजे रोग नाही, असं समजून ते पोरगी उद्या पुन्हा हात घालते. चाल, आपल्या तोंडानं सांग."

कळपाकडे जाऊन मी झालेली चूक सांगितली. धोंडबा हसला, "इतकं शिकून हेच केलं का साहेब?" रतना हसली नाही. ती आपल्या हातांकडे पाहत म्हणाली, "मंग माझ्या लेकराचं काय?" काकांनी त्याच दुपारी तिला ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त तपासायला दिलं.

मग आम्ही दोघं दोन दिवस बांधावर बसून होतो. नमुना हवा होता, म्हणजे आणखी एका मेंढीचा गाभ जायला हवा होता. मला स्वतःचीच लाज वाटत होती. काकांनी ओळखलं. "नमुन्याची वाट पाहून राहिला का? मेंढीकडं पाह."

तिसऱ्या दिवशी एक मेंढी बाजूला जाऊन कण्हू लागली. रतना सवयीने धावली. काका तिच्या आडवे आले. "थांब व बेटी! एक पाऊल नको." हातमोजे घालून त्यांनीच कोकरू काढलं. मेलेलंच होतं. वार बर्फात ठेवून मी गोंदियाच्या प्रयोगशाळेत पळालो.

जिवाणू सापडले. रतनाचं रक्त चांगलं आलं, पण महिन्याने पुन्हा तपासायचं होतं. तो महिनाभर काका रोज सकाळी विचारत, "ताप तर नाही ना पोरीले?"

दुसराही अहवाल चांगला आला, तेव्हा मी नाचतच काकांकडे गेलो.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता जाय, तिले पुन्हा बजावून ये. चांगल्या रिपोर्टानंच माणूस बेफिकीर होते."

रतनाला मुलगी झाली. काका गेल्या वर्षी वारले. चांगला अहवाल आला की मी अजूनही तो फोनवर कळवत नाही. गाडी काढतो आणि गोठ्यापर्यंत जातो.